बारीतला वारा आणि सातबाऱ्यातली जमीन

सुरतेहून धुळ्याकडे येणारा महामार्ग नवापूर, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारी चढतो आणि दहिवेलपाशी खानदेशाच्या मोकळ्या मुलखात उतरतो. बारी म्हणजे डोंगरातली खिंड. साक्री तालुक्याच्या या पट्ट्यात बाऱ्यांना तोटा नाही. दक्षिणेला बागलाणच्या शिवेवरची डोंगररांग तर सेलबारी-डोलबारी याच नावाने ओळखली जाते. इथे सह्याद्री संपत येतो, उत्तरेला सातपुडा उभा राहतो आणि दोघांच्या मधले तापीचे खोरे अरबी समुद्राकडे तोंड करून पसरते. जून लागला की नैर्ऋत्येचा वारा याच वाटेने आत शिरतो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांना आणि फौजांना जी वाट सोपी वाटली तीच वाऱ्यालाही सोपी. साक्रीहून नंदुरबारच्या रस्त्याला लागले की निजामपूर-जैताणे, छडवेल, ब्राह्मणवेल या गावांच्या माथ्यावर आज पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. गावकरी त्यांना साधे ‘पंखे’ म्हणतात. ब्राह्मणवेल परिसरातल्या पंख्यांची क्षमता ५२८ मेगावॉट सांगितली जाते आणि देशातल्या मोठ्या पवनक्षेत्रांत या परिसराची गणना होते. हे पंखे इथेच का आले, या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात: वारा इथे आहे म्हणून. उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. वाऱ्याने फक्त तालुका दाखवला. गाव, गट नंबर आणि महिना यांची निवड आयकराचा कायदा, विजेचा दर आणि जमिनीचे दप्तर यांनी केली. खानदेशातल्या पवनऊर्जेची गेल्या वीस वर्षांची कथा त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराची आहे.

आधी वाऱ्याचे श्रेय वाऱ्याला द्यायला हवे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा ६ मीटरवर गेला तर वेग पाचव्या हिश्श्यानेच वाढला असे वाटते, पण ५ चा घन १२५ आणि ६ चा २१६. म्हणजे शक्ती पाऊणपटीच्या जवळपास वाढली. म्हणूनच दोन शेजारच्या टेकड्यांपैकी एक सोन्याची ठरते आणि दुसरी दगडाची राहते. हा हिशेब करायला अंदाज पुरत नाही, वर्षभराच्या नोंदी लागतात, आणि त्या भारतात १९८० च्या दशकापर्यंत या कामासाठी कोणी पद्धतशीर घेतल्याच नव्हत्या. ते काम ॲना मणी यांनी मार्गी लावले. पुण्याच्या हवामान खात्यात १९४८ पासून उपकरणे घडवण्यात आयुष्य घातलेल्या या शास्त्रज्ञ बाईंनी निवृत्तीनंतर देशभरच्या वाऱ्याची आकडेवारी जमवून १९८३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली आणि पुढे पवनमापनाच्या राष्ट्रीय पाहणीची सूत्रे सांभाळली. डोंगरमाथ्यावर मनोरा रोवायचा, त्यावर वाट्यांचा पवनवेगमापक फिरत ठेवायचा आणि तासातासाचे आकडे गोळा करायचे, असे ते चिकाटीचे काम. पन्नास मीटर उंचीवर दर चौरस मीटरला २०० वॉट शक्ती भरली तर ती जागा पवनचक्कीलायक, असा सरकारी निकष ठरला. महाराष्ट्रातल्या अशा जागांच्या यादीत सातारा-सांगलीची नावे सर्वाधिक आहेत. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर, ढालगाव. त्याच यादीत धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल आले. जळगाव मात्र या शर्यतीत कुठेच नव्हते.

जळगावचे नाव नसणे बोलके आहे. वारा तिथेही आहे, आणि कधी कधी भयंकर आहे. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात, तेव्हा या जिल्ह्याला वाऱ्याची कमतरता आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पवनचक्कीला वादळाचा उपयोग नाही. फार सुसाट वारा सुटला की यंत्र स्वतःला बंद करून घेते. तिला हवा असतो महिनोन् महिने एकाच दिशेने, एकाच नेटाने वाहणारा वारा, आणि तो खोऱ्याच्या तळाशी नसतो, काठावरच्या माथ्यावर असतो. जळगाव जिल्ह्याकडे वीज आली ती दुसऱ्या वाटेने. भुसावळजवळ दीपनगरला १९६८ मध्ये औष्णिक केंद्र सुरू झाले, पुढे तिथे २१० आणि ५०० मेगावॉटचे संच आले. त्या जागेचा हिशेब सोपा होता. तापीचे पाणी जवळ, भुसावळचे रेल्वे जंक्शन दाराशी, आणि कोळसा विदर्भातून गाडीने येणार. कोळसा माणसाला हवा तिथे नेता येतो, वारा नेता येत नाही. त्यामुळे औष्णिक केंद्राची जागा निवडणाऱ्याला दहा पर्याय असतात आणि पवनचक्कीवाल्याला दोन. हेच पवनऊर्जेच्या बाजूने नेहमी सांगितले जाते, आणि इथेच घसरायला होते. पर्याय दोनच असले तरी त्या दोनमध्ये निवड कोण करतो, कधी करतो आणि कशाच्या बळावर करतो, हे शिल्लक राहतेच.

महाराष्ट्रातली पहिली पवनचक्की खानदेशात किंवा साताऱ्यात उभी राहिली नाही. १९८६ मध्ये केंद्राने गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी अशा समुद्रकाठच्या ठिकाणी प्रात्यक्षिक प्रकल्प लावले. यंत्रे डेन्मार्कच्या व्हेस्टास कंपनीची, प्रत्येकी ५५ किलोवॉटची. आजच्या हिशेबाने खेळणीच. समुद्रकाठी वारा असणार हा साधा तर्क त्यामागे होता. पुढे मोजणी जसजशी पुढे सरकली तसे लक्षात आले की महाराष्ट्राचा खरा वारा किनाऱ्यावर कमी आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जास्त आहे. मग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याने खासगी गुंतवणुकीसाठी विक्रीकराच्या सवलती दिल्या आणि साताऱ्याच्या पठारांवर झुंबड उडाली. पण त्या झुंबडीचे खरे इंजिन दिल्लीत होते, आयकर कायद्यात.

हे इंजिन नीट समजून घेतल्याशिवाय ब्राह्मणवेलची कथा कळत नाही. कारखान्याच्या यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी घटली असे धरून तेवढी रक्कम नफ्यातून वजा करू देतात. याला घसारा म्हणतात. पवनचक्कीला सरकारने वेगवान घसारा दिला. एके काळी पहिल्याच वर्षी शंभर टक्के, पुढे ८० टक्के. समजा, साखर, कापड किंवा दागिन्यांच्या धंद्यात भरपूर नफा झालेल्या एखाद्या कंपनीने ६ कोटींची पवनचक्की घेतली. पहिल्याच वर्षी ४ कोटी ८० लाख तिच्या करपात्र नफ्यातून वजा होत, आणि तेव्हाच्या तेहतीस-चौतीस टक्के दराने दीड कोटीहून जास्त कर त्या वर्षापुरता वाचे. पंखा पुढे किती फिरतो हा नंतरचा प्रश्न. शिवाय नियम असा की यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर घसारा निम्मा. म्हणून यंत्र सप्टेंबरअखेर सुरू झाले पाहिजे. ते जमले नाही तर ३१ मार्चच्या आत तरी झालेच पाहिजे. वाऱ्याचा हंगाम जूनला सुरू होतो, कराचा हंगाम मार्चला संपतो. पवनचक्क्यांचे पाये भरले गेले ते बहुधा दुसऱ्या पंचांगाप्रमाणे.

त्याला जोड मिळाली दराची. राज्य वीज नियामक आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात नव्या पवनप्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे, दरवर्षी १५ पैशांची वाढ आणि १३ वर्षांची हमी दिली. त्या वेळच्या १.२५ मेगावॉटच्या एका यंत्राने क्षमतेच्या वीस टक्के जरी वीज केली तरी वर्षाला सुमारे २२ लाख युनिट होतात. म्हणजे पहिल्याच वर्षी पाऊण कोटीच्या वर उत्पन्न, तेही सरकारी गिऱ्हाईकाकडून. २००४ मध्ये राज्याचे नवे पवनधोरण आले. साताऱ्यातल्या चांगल्या जागा तोवर भरत आल्या होत्या. कर वाचवण्याची घाई असलेला पैसा नव्या डोंगराच्या शोधात होता आणि यादीत ब्राह्मणवेलचे नाव तयार होते. पुण्यात मुख्यालय असलेल्या, तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या सुझलॉनने धुळ्यात हजार मेगावॉटचे पवनक्षेत्र उभारण्याचा मनसुबा जाहीर केला, आणि दशकाच्या मध्यापासून साक्रीच्या रस्त्यांवरून बत्तीस-बत्तीस मीटर लांबीची पाती वाहणारे ट्रेलर दिसू लागले.

वारा होता म्हणून पंखे आले, या विधानाची परीक्षा घ्यायला इतिहासाने दोन चांगले प्रयोग करून ठेवले आहेत. पहिला २०१२ चा. त्या एप्रिलपासून केंद्राने वेगवान घसारा काढून घेतला. आदल्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॉटच्या पवनचक्क्या लागल्या होत्या. त्या वर्षी सुमारे १,७०० लागल्या. वारा तोच होता, डोंगर तेच होते. २०१४ मध्ये सवलत परत आली आणि आकडा पुन्हा वर गेला. दुसरा प्रयोग २०१७ चा. राज्याराज्याचे ठरीव दर संपून लिलाव सुरू झाले. पहिल्याच राष्ट्रीय लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि वर्षाच्या आत अडीच रुपयांच्या खाली घसरला. या भावात परवडेल असा वारा आणि अशी सलग मोकळी जमीन कच्छमध्ये आणि तमिळनाडूत होती. सगळे तिकडे वळले. महाराष्ट्राची पवनक्षमता पुढची कित्येक वर्षे पाच हजार मेगावॉटच्या आसपास जवळजवळ जागच्या जागी राहिली. साक्रीचा वारा या काळात कमी झालेला नाही. म्हणजे पंखा कुठे उभा राहील हे ठरवण्यात वाऱ्याचे मत धरले जाते, पण शेवटची सही दुसऱ्याची असते.

आता जमिनीकडे. या धंद्याची मालकीची रचना विलक्षण होती. यंत्र बनवणारी कंपनीच जागा शोधणार, मोजणी करणार, जमीन मिळवणार, रस्ता काढणार, खांब रोवणार, वीजवाहिनी जोडणार, आणि असा तयार पंखा एकेका गुंतवणूकदाराला विकणार. एका रांगेतल्या दहा पंख्यांचे दहा मालक. कोणी पुण्याचा, कोणी मुंबईचा, कोणी परराज्यातला. छडवेलच्या शेतकऱ्याला आपल्या बांधाशेजारच्या पंख्याचा मालक कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि मालकालाही पंखा कोणत्या गावच्या शिवारात आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती. दोघांच्या मध्ये होते कंपनीचे भूसंपादन अधिकारी आणि त्यांच्या पुढे धावणारे स्थानिक मध्यस्थ. शेतकऱ्याला भाव मिळाला तो बरड जमिनीचा, कारण बाजरीही धड न येणाऱ्या माळाला दुसरा भावच नव्हता. मध्यस्थाला माहीत होते की ही जमीन पिकासाठी नव्हे, उंचीसाठी घेतली जाते आहे. एकरी उत्पन्नावर किंमत लावायची की त्या उंचीवरच्या वाऱ्यावर, हा प्रश्न विकणाऱ्याला सुचण्याआधीच खरेदीखत झालेले असे. यात बेकायदा काही असेलच असे नाही. एका बाजूला वर्षभराची मोजणी आहे आणि दुसऱ्या बाजूला फक्त सातबारा, एवढेच दिसते.

पण या माथ्यांवरची बरीच जमीन सातबाऱ्यावर शेतकऱ्याची नव्हतीच. ती वनखात्याची होती. आणि खानदेशात ‘वनखात्याची जमीन’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, भिल्लांना शमवण्यासाठी पुढे त्यांचीच पलटण उभी केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगर राखीव वन म्हणून आखले. आखणाऱ्याच्या नकाशात तिथे झाडे होती. कसणारी भिल्ल, कोकणी, मावची माणसे नव्हती. ही माणसे पिढ्यान् पिढ्या त्या जमिनीवर नागली, बाजरी, कुळीथ पेरत राहिली आणि दप्तरात ‘अतिक्रमणदार’ ठरत राहिली. जुन्या धुळे जिल्ह्याच्या राजकारणाचा हा कायमचा धागा आहे. शहाद्यात १९७१-७२ साली अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या लढ्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न सगळ्या राज्यापुढे आणला. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आले, गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा झाला. डोंगरावरच्या ‘फॉरेस्ट प्लॉट’चा प्रश्न मात्र या कायद्यांच्या बाहेरच राहिला. त्यावर उत्तर आले ते २००६ च्या वनहक्क कायद्याने: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याचा हक्क ग्रामसभेपासून सुरू होणाऱ्या पडताळणीने मान्य व्हावा. नियम लागू झाले जानेवारी २००८ मध्ये. आणि ज्या वनजमिनीवर असे दावे आहेत ती दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती हवी, हे केंद्राच्या पर्यावरण खात्याने स्पष्ट केले ते ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने.

या तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. दराची हमी २००३ ची. वनजमीन पवनचक्क्यांना देण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००४ ची. पक्षी आदळू नयेत म्हणून पात्यांची टोके नारिंगी रंगवावीत इथपर्यंत त्यांत तपशील आहे. साक्रीतली उभारणीची लाट दशकाच्या मध्याची. आणि डोंगर कोणाचा, हे विचारण्याची कायदेशीर रीत २००८-०९ ची. वाऱ्याची वही पूर्ण होती, कराची वही पूर्ण होती, कसणाऱ्यांची वही अजून लिहायला घेतलेली नव्हती. आणि जागा निश्चित झाल्या त्या पहिल्या दोन वह्या पाहून. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेसारख्या वनहक्कासाठी झगडणाऱ्या संघटनांनी धुळे-नंदुरबारमध्ये हा मुद्दा लावून धरला तो याच कारणाने. त्यांचे भांडण वाऱ्याशी नव्हते, पंख्याशीही नव्हते. ज्या जमिनीवरचा आमचा दावा अजून ऐकलाच गेला नाही ती दुसऱ्याला दिली कशी, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो सरळ होता. साक्रीचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणजे ग्रामसभेला विचारण्याचे तत्त्व तिथे १९९६ च्या पेसा कायद्यापासून तरी अनोळखी नव्हते. पाच वर्षे थांबले असते तर वारा कुठे पळून जाणार नव्हता. सवलत मात्र पळाली असती.

यावर पहिला आक्षेप असा की पंख्याला जमीन लागते किती? ओट्यापुरती काही गुंठे; उरलेल्या शिवारात गुरे चरतात, पेरणी होते. आकड्याने हे खरे आहे आणि कोळशाच्या खाणीशी तुलना केली तर पवनऊर्जा सौम्यच म्हणावी लागेल. पण डोंगराचे क्षेत्रफळ मोजून त्याची कहाणी कळत नाही. पंखे एकमेकांचा वारा खाऊ नयेत म्हणून पात्यांच्या व्यासाच्या पाच ते सात पट अंतर ठेवावे लागते. ६६ मीटर व्यासाला हे अंतर सव्वातीनशे ते साडेचारशे मीटर होते. म्हणजे दहा पंख्यांची रांग तीन-चार किलोमीटरचा सगळा माथा व्यापते आणि प्रत्येक ओट्यापर्यंत रस्ता लागतो. बत्तीस मीटरचे पाते वळवता यावे असा रस्ता पायवाट रुंद करून होत नाही. उतार कापावा लागतो, वळणे पसरावी लागतात, आणि कापलेली माती पहिल्या दोन पावसाळ्यांत खालच्या ओहोळात आणि शेतात जाते. त्यातून पवनप्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघाताच्या मूल्यांकनातून सूट आहे. धूर नाही म्हणून तपासणी नाही, असा तो तर्क. भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांच्या निमित्ताने माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात रस्त्यांच्या याच परिणामांवर बोट ठेवले होते.

दुसरा आक्षेप: हे डोंगर उजाडच होते. ‘उजाड’ हा खानदेशात अनेकदा फसलेला शब्द आहे. थोडे विषयांतर होईल, पण रानपिंगळ्याची गोष्ट इथे शोभते. मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात या घुबडाचे नमुने गोळा केले. त्यानंतर १८८४ पासून ११३ वर्षे या पक्ष्याची विश्वसनीय नोंद नाही आणि जग त्याला नामशेष समजत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो सापडला तो शहाद्याजवळच्या विरळ सागाच्या रानात. सातपुड्याच्या पायथ्याचे हे रान साक्रीपासून वेगळे आहे आणि रानपिंगळ्याचा पवनचक्क्यांशी काही संबंध जोडण्याचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की ज्याला दप्तर अवनत किंवा पडीक म्हणते ते तसे आहे का, हे कोणी जाऊन पाहिल्याशिवाय ठरत नाही. माणसाच्या बाबतीतही तेच. माळ पिकाला नापीक असतो. शेळीला, सरपणाला, महूच्या फुलाला, पावसाळ्यातल्या रानभाजीला तो नापीक नसतो.

विरोधकांचीही एक गोष्ट तपासली पाहिजे, नाहीतर हा हिशेब एकतर्फी होईल. पवनचक्क्यांनी ढग पळवले, त्यामुळे पाऊस कमी झाला, ही समजूत साताऱ्या-सांगलीपासून साक्रीपर्यंत सगळीकडे पसरली आणि काही ठिकाणी पुढाऱ्यांनीही ती उचलून धरली. ती टिकत नाही. त्या काळच्या पंख्याचे वरचे टोक जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटर. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर, काही किलोमीटर उंचीपर्यंत माजलेले. पात्यांच्या मागे हवा थोडी घुसळते, तापमानात किंचित फरक पडतो, पण मोसमी पावसाच्या यंत्रणेपुढे हा फरक पासंगालाही पुरत नाही. मग समजूत आली कुठून? कारण माणसांनी पाहिले ते खरे होते, जोडले ते चुकीचे. सह्याद्रीच्या माथ्यावर वारा वेग घेतो आणि पलीकडे उतरताना कोरडा होतो. वारा भरपूर आणि पाऊस अपुरा, या दोन्ही गोष्टी एकाच डोंगराची देणगी आहेत. पवनचक्क्या पर्जन्यछायेच्या काठावरच उभ्या राहणार, कारण तिथेच वारा आहे. त्या आल्यावर दोन वर्षे अवर्षणाची गेली की आरोपी समोर उभाच असतो, तोही तीन हात हलवत. या समजुतीने एक नुकसान केले: जमिनीचा खरा प्रश्न विचारणाऱ्यांनाही ‘ढग पळवणारे अडाणी’ या खात्यात टाकणे सोपे झाले.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी आहे. दीपनगरची राख आणि धूर नको असेल तर पर्याय कुठेतरी उभा राहणारच. मग साक्रीने नको म्हणायचे, साताऱ्याने नको म्हणायचे, तर वीज यायची कुठून? २००५ नंतरच्या त्या वर्षांत महाराष्ट्र तुटवड्यात होता, खेड्यांत दहा-बारा तास भारनियमन चाले. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. पण त्याच भारनियमनातून साक्रीकरांची सर्वांत बोचरी तक्रार जन्मली: पंखे आमच्या डोक्यावर, अंधार आमच्या घरात. तांत्रिक उत्तर सोपे आहे. पंख्यात वीज ६९० व्होल्टला तयार होते, पायथ्याशी ३३ हजार व्होल्टवर चढते, उपकेंद्रात त्याहून वरच्या दाबावर जाऊन राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावाला वीज मिळते ११ हजारच्या वेगळ्या वाहिनीवरून, आणि ती किती तास चालू ठेवायची हे वीज कंपनीचे वेळापत्रक ठरवते. शिवाय महाराष्ट्रातली पवनवीज बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये येते, जेव्हा शेतीपंप बंद असतात. रब्बीच्या पाण्याला आणि उन्हाळी केळीला विजेची खरी निकड असते तेव्हा साक्रीचे निम्मे पंखे स्वस्थ उभे असतात. हे सगळे बरोबर. पण ज्या गावाच्या माथ्यावर वीज होते त्या गावाची वाहिनी भारनियमनातून वगळायला भौतिकशास्त्राचा कोणताच नियम आड येत नव्हता. आड आले ते एवढेच की तशी अट कोणी घातली नाही. डेन्मार्कमध्ये पवनऊर्जा रुजली तेव्हा पंख्यांत शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळ्यांची मालकी होती. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या महाराष्ट्रात, धुळे-जळगावसारख्या जिनिंग-प्रेसिंग आणि सूतगिरण्यांच्या मुलखात, पवनचक्कीची सहकारी संस्था ही कल्पना धोरणात शिरलीच नाही. घसाऱ्याची सवलत ज्याला नफ्यावर कर भरावा लागतो त्यालाच उपयोगी. कोरडवाहू शेतकऱ्याला आयकर नाही, म्हणून पंख्याचा मालक होण्याचे कारणही नाही. सवलतीची रचनाच मालक निवडत होती.

हा प्रश्न वाऱ्यापुरता नाही याचा पुरावा त्याच जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. आणि शेजारच्या शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईचाजवळ विखरण-मेथीच्या शिवारात, आधी औष्णिक केंद्रासाठी आणि मग सौर प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली. त्या जमिनीच्या मोबदल्यातल्या तफावतीविरुद्ध दाद मागत फिरलेले विखरणचे ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ तारखेला ते गेले. प्रकल्पाचे इंधन कोळशाचे होते की उन्हाचे, याने त्यांच्या अर्जात काही फरक पडला नाही. अलीकडे पवनचक्क्यांचा जोर मराठवाड्यात, बीड-धाराशिवकडे सरकला आहे, आणि ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला तेव्हा तपासात पवनचक्की प्रकल्पाकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीचा धागा पुढे आला. जमीन, मध्यस्थ आणि घाई या तिघांच्या मध्ये पैसा आला की काय होते ते महाराष्ट्राने पुन्हा पाहिले.

दरम्यान वाऱ्याच्या नकाशानेच कूस बदलली आहे. ५० मीटर उंचीवर मोजून देशाची पवनक्षमता ४९ हजार मेगावॉट धरली जात होती; चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने १२० मीटरवर मोजली तेव्हा ती ६ लाख ९५ हजारांवर गेली, आणि त्यात एकट्या महाराष्ट्राचा वाटा ९८ हजारांचा आहे. उंच मनोऱ्यावरच्या मोठ्या यंत्राला माथाच लागतो असे नाही, पठार आणि सपाटीही चालते. ‘वारा इथेच आहे, आम्ही काय करणार’ हे म्हणणे २००५ मध्ये जेवढे खरे होते तेवढे आता राहिलेले नाही. आणि साक्रीचे पहिले पंखे वयात आले आहेत. अशा यंत्राचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे धरतात; तेरा वर्षांची दराची हमी केव्हाच सरली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने जुनी यंत्रे काढून त्या जागी मोठी बसवण्याचे सुधारित धोरण आणले. तीन मेगावॉटचे एक यंत्र सव्वा मेगावॉटच्या दोघांची जागा घेऊन वर उरते. म्हणजे तितकीच वीज करायला निम्म्याहून कमी ओटे पुरतील. उरलेले ओटे फोडायचे कोणी, त्यांच्यापर्यंत गेलेले रस्ते ठेवायचे की बुजवायचे, आणि त्यांतले जे वनजमिनीवर आहेत ते नंतर कोणाच्या नावे लागायचे, हे ठरवताना या वेळी वनहक्काच्या दाव्यांची वही तालुक्याच्या कचेरीत तयार आहे.